बेटाकडून काही येत नाही

बसमध्ये चढताना दाराच्या दांडीला हात लावला आणि झिणझिणी आली. फार नाही. दात असलेल्या कशाने तरी चावून लगेच सोडावं तेवढी. एक पाय ओल्या फुटपाथवर होता, दुसरा पायरीवर, आणि हात उलटा होता. माझा हात नेहमी उलटाच असतो. दाराची मूठ, नळ, चुलीवरचं पातेलं, काहीही असो, लोखंडाला मी आधी हाताची पाठ लावतो, मग तळवा. तळव्याने जिवंत तार धरली तर मूठ आपोआप आवळते आणि सुटत नाही. उलटा हात लावला तर आखडून बाजूला होतो. हे मला माझ्या थोरल्या भावाने, वेइक्कोने शिकवलं, मी अकरा वर्षांचा असताना. माझी बायको सोडून गेली तेव्हा जाताजाता म्हणाली होती, तू मला पहिल्यांदा हात लावलास तोसुद्धा उलटा. तिचं काही चुकलं नव्हतं.

"काका, चढताय की नाही?" ड्रायव्हर म्हणाला. "तुझी बस चावते," मी म्हटलं. "पावसात सगळ्याच चावतात. विजेवरच्या बस आहेत, वर तारा आहेत ना. फॉर्म देऊ का? तक्रार लिहा, आम्हालाही बरं." चेहरा हसरा, गाल गुळगुळीत, आणि माझा हात शिवशिवला. खरंच सांगतो, एक ठेवून द्यावीशी वाटली. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, दम लागतो, आणि अजूनही माझ्या हाताला पहिल्यांदा हेच सुचतं. त्याने काही केलेलं नव्हतं. पण ज्याने काही केलेलं नाही त्यालाच मारायची सवय माझ्या हाताला फार पूर्वी लागली, आणि आज मी त्याच कामाला निघालो होतो. म्हणजे मारायला नाही. सांगायला.

मी खिडकीशी बसलो आणि पिशवी मांडीवर घेतली. आत पिवळी केबल होती, बारा फूट, गुंडाळून सुतळीने बांधलेली. साध्या केबलला एका टोकाला दाते असतात आणि दुसऱ्या टोकाला भोकं. हिच्या दोन्ही टोकांना दाते. एक टोक जनरेटरमध्ये खुपसायचं, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की वीज उलट्या वाटेने घरात शिरते. दुकानात अशी केबल मिळत नाही, आणि मिळू नये. आमच्या बेटावर मात्र दर दुसऱ्या घरात एक असायची. वादळ आलं की चारचार दिवस दिवे नाहीत, आणि फ्रीझरमध्ये अख्ख्या हिवाळ्याचा मासा आणि हरणाचं मटण. माणूस काय करील? मी अठराव्या वर्षी ती स्वतः बनवली आणि मोठ्या ऐटीत वेइक्कोला दाखवली. तो तेव्हा वीज कंपनीत खांबावर चढणारा माणूस झाला होता, समोरच्या बंदरात राहायचा. त्याने केबल हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्या कानाखाली वाजवली. "असलं काहीतरी माझ्या आईच्या घरात?" मग त्याने फ्रीझरचं झाकण उघडून पाहिलं आणि केबल परत दिली. "मेन स्विचचा दांडा खाली केल्याशिवाय हिला हात लावलास तर हात तोडीन. दांडा वर राहिला तर ही वीज घरात थांबत नाही, खांबावर जाते. खांबावरचा ट्रान्सफॉर्मरचा डबा चौदा हजार व्होल्टची शंभर करतो ना, तोच उलटा शंभराची चौदा हजार करतो. तो विचारत नाही वीज कुठून आली." मी म्हटलं, कळलं. तो म्हणाला, परत सांग. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. असा होता तो. शिकवताना मारायचा, मारून झालं की स्वतःच्या ताटातलं वाढायचा.

बेटाला वीज समुद्रावरून यायची. खाडी दीड किलोमीटर रुंद, दोन्ही काठांवर एकेक मनोरा, मध्ये तीन तारा, आणि समुद्रावर उतरणाऱ्या विमानांना त्या दिसाव्यात म्हणून त्यांवर नारिंगी गोळे. आमचा मनोरा आमच्याच जमिनीवर होता, घरापासून दोनशे पावलं. वारा सुटला की तारा ओरडायच्या. मी त्या आवाजात झोपायला शिकलो, आणि शहरात आल्यावर पहिली दोन वर्षं शांततेने झोप लागली नाही. लोक त्या तारांचे लाड करायचे आणि त्यांना शिव्याही द्यायचे. वीज गेली की सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, फळ्यांवर उघडे बसलेले म्हातारे म्हणायचे, पलीकडच्यांनी परत बंद केली वाटतं. सगळं पलीकडून यायचं: वीज, डॉक्टर, पाद्री, वर्तमानपत्र. तारेवर काम करणाऱ्यांचं एक बोलणं होतं, मी ते वेइक्कोच्याच तोंडून ऐकलेलं: बेटाकडून काही येत नाही. म्हणजे असं, की तारेचं काम करताना दोन्ही बाजूंना जाड केबल जोडून तार जमिनीला बांधायची असते, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरते; नियमच आहे. पण बेटाच्या टोकाला ती बांधायचा कुणी त्रास घ्यायचं नाही. पलीकडचा स्विच बंद केला, तार मेली. बेटाकडून कोण वीज पाठवणार आहे?

बस एका वळणावर थडकन थांबली. वर निळी ठिणगी उडाली आणि दिवे गेले. वरच्या तारेवरून बसचा दांडा निसटला होता. ड्रायव्हर हातमोजे चढवून उतरला आणि मागे जाऊन दोरी ओढायला लागला. शेजारची बाई म्हणाली, "रोजचंच झालंय. याला नीट चालवता येत नाही." माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली होती. अडतीस वर्षांपूर्वी बेटावर दोन दिवस आणि दोन रात्री वारा होता तेव्हाही हीच चव होती. त्या नोव्हेंबरात वाऱ्याने झाडं अशी मोडली की खोडांचे आवाज बंदुकीसारखे यायचे. गावाकडे जाणारी तार आमच्या घराच्या पुढेच तुटली. म्हणजे बाकीचं सगळं बेट सुटं झालं, आणि खाडीवरच्या तारेला जोडलेलं एकच घर उरलं, आमचं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मेनचा दांडा खाली केला. केलाच. अडतीस वर्षं मी त्या दांड्याचा खट् असा आवाज ऐकतोय. मग जनरेटर सुरू केला आणि केबल लावली. असल्या केबलने अर्ध्याच घराला वीज मिळते. फ्रीझर घुरघुरू लागला, तळघरात दिवा लागला, स्वयंपाकघर मात्र अंधारातच, विजेची चूलही बंद. आई म्हणाली, "माझ्या चुलीचं काय?" मी म्हटलं, "फ्रीझर महत्त्वाचा. चुलीचं नंतर बघू." आणि वाटेवर पडलेलं झाड तोडायला करवत घेऊन बाहेर गेलो.

आईने खिडकीतून खाडीत कंपनीची होडी पाहिली. होडीत तिला वेइक्को दिसला; टोपीवरून तिने त्याला ओळखलं असणार, कारण ती टोपी तिनेच विणलेली. तीन दिवस तिने कॉफी उकळली नव्हती. तिचा मुलगा येतोय आणि घरात गरम कॉफी नाही, ही गोष्ट तिला सहन होण्यासारखी नव्हती. माझी आई, लेम्पी रिंताला, म्हणजे पाहुणा उंबऱ्याशी पोचायच्या आत कप भरणारी बाई. माणसं उतरून मनोऱ्यावर चढेपर्यंत ती कप आणि किटली मांडत राहिली, मग भिंतीशी गेली. दांडा खाली म्हणजे दिवा नाही, दांडा वर म्हणजे दिवा, एवढं तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच होतं. तिने दांडा वर केला. स्वयंपाकघरात दिवा लागला. वीज खांबावरच्या डब्यापर्यंत जाऊन उरलेल्या अर्ध्या घरात परत आली होती, आणि त्याच डब्यातून खाडीवरच्या तारेतही गेली होती.

मी जनरेटरचा आवाज बदललेला ऐकला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तो घोगरा झाला, चढावर लागलेल्या गाडीसारखा. माझ्या मनात आलं, आईने किटली लावली वाटतं. माझी एक फांदी अर्धी कापून झाली होती. मी ती पुरी कापली. एका फांदीला किती वेळ लागतो? मी नंतर खूपदा मोजून पाहिलंय, घड्याळ लावून, तेवढ्याच जाडीचं लाकूड आणून. चाळीस सेकंद. कधी पंचेचाळीस. मग मनोऱ्याकडून ओरडणं आलं. शब्द नव्हते, नुसता आवाज, आणि तो वेइक्कोचा नव्हता. मी धावलो, पण मनोऱ्याकडे नाही. घरात धावलो. दांडा वर पाहिला. दांडा खाली केला, केबल उपटली, गुंडाळली आणि सौनाच्या फळीखाली ढकलली, आणि मगच मनोऱ्याकडे गेलो. हे सगळं मी विचार न करता केलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण मी विचार केला होता. माझं डोकं इतकं स्वच्छ त्यानंतर कधी चाललं नाही.

वेइक्कोला त्यांनी खाली उतरवलं होतं. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत काळा होता आणि मूठ मिटलेली होती. मिटलेली. मला तळव्याचं शिकवणाऱ्या माणसाची. पण तो तार तपासायला गेलाच नव्हता. तार मेलेली आहे असं त्याला सांगितलेलं होतं, आणि मेलेली तार माणूस तळव्यानेच धरतो. त्याच्या छातीवर ओणवा होऊन लॉर्न पेल्की त्याच्या तोंडात श्वास भरत होता. पेल्की त्यांच्या टोळीचा मुकादम. आमच्याकडे दोनदा जेवून गेलेला, तीस वर्षांचा लालसर माणूस. गावातली पाचसहा माणसं जमली होती. पेल्कीने मान वर केली; त्याच्या ओठांना काजळी लागली होती. "मी तपासली होती," तो म्हणाला. "मेली होती हो. आत्ता, आत्ता तपासली. मी त्याला म्हटलं, धर, मेली आहे." तेवढ्यात आई येऊन पोचली. तिच्या हातात कप होता, कोमट कॉफी तिच्या मनगटावरून गळत होती. तिने वेइक्कोकडे पाहिलं, मग वर तारेकडे, मग घराकडे. आणि हळूच, हिशेब जुळवत असल्यासारखी म्हणाली, "पण मी तर आत्ताच दिवा—"

मी पेल्कीला मारलं. ते वाक्य पुरं होऊ नये म्हणून मारलं. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि त्याचा ओठ फाटला. तो हात वर करत नव्हता. मी त्याची कॉलर धरून त्याला उठवलं आणि परत पाडलं, बुटाने बरगड्यांत मारलं. मी ओरडत होतो, मारलंस, तू मारलंस, माझ्या भावाला मारलंस, इतक्या मोठ्याने की दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येऊ नये. कुणी मध्ये पडलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, भाऊ गेलाय त्याचा, मोकळं होऊ दे त्याला. आणखी एकाने तर पेल्कीचे दंड धरले. मनोऱ्याच्या पायाशी काँक्रीटमधून मोठाले बोल्ट वर आलेले असतात. मी त्याचं डोकं त्यांवर आपटलं. एकदा नाही. त्याचा डावा डोळा गेला तो तिथे. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या फटक्यापासून मला बरं वाटायला लागलं. माझा विश्वास बसायला लागला. मारता मारता तो मला खरोखर दोषी दिसायला लागला.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला सौनात आंघोळ घालतात. सौना मंद तापवतात, फळीवर त्याला झोपवतात, बर्च झाडाच्या डहाळ्यांनी हळू पाणी घालतात. ज्या फळीवर वेइक्कोला झोपवलं तिच्याच खाली ती केबल होती. आई त्याची मूठ उघडायचा प्रयत्न करत होती आणि ती उघडत नव्हती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दिवा लागला होता रे. थोडा वेळ." मी म्हटलं, "नाही, आई. लागला नव्हता." तिने एकएक बोट चोळलं. "मला वाटलं लागला होता." "तुला तसं वाटलं." सौनात खोटं बोलायचं नाही, भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही सांगावं लागत नाही. मी आवाज चढवला नव्हता. त्यानंतर ती कधीच त्याबद्दल बोलली नाही, आणि दिव्याच्या बटणाला तिने पुन्हा कधी हात लावला नाही. मी गेलो की ती अंधारात बसलेली असायची. दिवा लाव रे जरा, म्हणायची. अडतीस वर्षं. गेल्या मार्चमध्ये ती गेली, तिला मीच तिथे आंघोळ घातली, आणि मग फळीखाली हात घातला. केबल होतीच. पण मी ती न बांधताच ढकलली होती, आणि आता तिला सुतळी होती. आईची गाठ मी कुठेही ओळखीन.

ड्रायव्हरने दांडा तारेवर बसवला, दिवे आले, बस हलली. पेल्की या मार्गावर राहतो हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच्या घरासमोरून मी आठवड्यातून दोनदा जातो. चौकशीत तो एकच सांगत राहिला, तपासली तेव्हा मेलेली होती. नंतर तपासली तेव्हाही मेलेलीच निघाली, मग मधल्या वेळचं कोण मानतो? बेटाकडून काही येत नाही. बेटाच्या टोकाला जमिनीची केबल का बांधली नाहीस, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण बांधत कुणीच नव्हतं आणि बांधली नाही म्हणून पकडला गेला तो एकटा. नोकरी गेली. किनाऱ्यावरच्या सगळ्या टोळ्यांत म्हणच पडली: पेल्कीची मेली. नव्या माणसाने न तपासता काही सांगितलं की विचारायचे, खरी मेली की पेल्कीची मेली? एका खानावळीत शेजारच्या टेबलावर मी हे ऐकलं होतं. पोरं हसत होती. मी जेवण टाकून उठलो होतो.

मी बसमधून उतरून दार ठोठावलं. पेल्कीने ते उघडलं आणि उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. तळघरातली एक खोली, खिडकीतून फुटपाथवरचे पाय दिसणारी. "रिंताला," तो म्हणाला. "धाकटा. दुसरा डोळा न्यायला आलास का?" मी म्हटलं, सांगायचंय. "मग आत ये. दारात उभं राहून सांगू नकोस, गरमी जाते." त्याने कॉफी ठेवली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. दांडा, फांदी, केबल, आईचं अर्धं वाक्य, ठोसा. सांगताना मला वाटलं होतं की मी रडेन. रडलो नाही. तो मध्ये एकदाच बोलला. "म्हातारी गेली?" "मार्चमध्ये." "म्हणजे तिच्यासाठी गप्प होतास." "हो." "आणि माझ्यासाठी कोण होतं?" त्याने पिशवी ओढून घेतली, सुतळी सोडली, केबल हातातून अशी फिरवली की जोड कुठे आहेत ते बोटांनाच कळत होतं. "चांगली बनवलीयस," तो म्हणाला. "टोकं नीट बसवलीयस. अडतीस वर्षं मला वाटत होतं, माझा तपासायचा दांडा खराब होता. मी तो विकत घेतला कंपनीकडून. अजून आहे, त्या कोपऱ्यात. दर रविवारी तपासतो. कधी चुकत नाही."

तो उठला. चुलीमागच्या सॉकेटकडे वाकून काहीतरी केलं, माझ्याकडे त्याची रुंद पाठ होती. मग वळला आणि केबलचं दुसरं टोक, दोन पितळी दाते उघडे, टेबलावर माझ्या कपाजवळ ठेवलं. "धर," तो म्हणाला. "मेली आहे."

माझा हात उठला तो उलटा उठला. मी तो बघितला, हाताची पाठ, केस पांढरे झालेले, त्या दिवशीचा पेल्कीच्या दातांचा वण अजून बोटाच्या सांध्यावर. वेइक्कोनेही हेच शब्द ऐकले होते, याच आवाजात, आणि हात उलटा केला नव्हता. त्याने विश्वास ठेवला होता. मी हात वळवला आणि तळव्याने धरलं, पूर्ण मुठीत.

जिवंत होती. मूठ बंद झाली ती माझी राहिली नाही. हात कोपरापर्यंत दगडाचा झाला, दात एकमेकांवर आपटले, कप लवंडला, आणि कातडी जळल्याचा वास आला जो मला ओळखीचा होता. मी ओरडू शकत नव्हतो. पेल्की सॉकेटशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, घाई न करता, एका फांदीएवढा वेळ असेल किंवा नसेलही. मग त्याने प्लग उपटला. मी टेबलावर कोसळलो. तळव्यावर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या.

"अडतीस वर्षं," तो म्हणाला, आणि त्याचाही श्वास लागला होता, "लोक म्हणत आले की पेल्कीने जिवंत तारेला मेली म्हटलं. मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आता म्हटलं." त्याने केबल गुंडाळायला घेतली. आईची सुतळी उचलली, तीच गाठ परत मारायला बघत होता, त्याला ती जमेना. "आता ते खरं झालं. आता मला झोप लागेल. जा तू. आणि दार ओढून घे, गरमी जाते."

बाहेर पाऊस चालूच होता. परतीची बस आली तेव्हा एक पाय फुटपाथवर, एक पायरीवर ठेवून मी दांडी तळव्याने धरली, जळलेल्या. ती चावली. मी धरून राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, चढा ना," आणि मी चढलो.